विलासभाऊला ऐकू न येणारी रेकॉर्ड

भूत, भानामती, करणी – यातलं मी काहीच मानत नाही. लिंबाचं मी लोणचं घालते, दाराला टांगत नाही. माहेरी धुळ्याकडे आमच्या शेजारणीच्या अंगात यायचं, तर मी तिला म्हणायचे, "आधी चुलीवरचं दूध उतरव, मग घुम." माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिलंय मी, मोबाईलवर टाईप केलंय नातीने. आता ऐका.

आमचे हे जळगावला बँकेत होते. बाकी नाद काही नाही, एकच – इंग्रजी रॉकच्या रेकॉर्डी. केस वाढवलेले गोरे पोरगे, ढोल, गिटार, आरडाओरडा. बरं, एक घेऊन भागायचं नाही. त्याच गाण्यांची जुनी इंग्लंडची रेकॉर्ड वेगळी, आपल्याकडे छापलेली वेगळी, आणि आता नव्याने निघालेली वेगळी. दर रविवारी सकाळी मित्र जमायचे, भिंतीकडे तोंड करून बसायचे. एकाने मागे रेकॉर्डी बदलायच्या आणि बाकीच्यांनी नुसतं ऐकून ओळखायचं, जुनी का नवी. मी एकदा विचारलं, गाणं तेच, तर फरक कसला? हे म्हणाले, "मास्टरिंगचा. छापण्याआधी कोणाचा तरी शेवटचा हात फिरतो. जुनीत ढोल लांबून वाजत वाजत जवळ येतो. नवीत सगळेच एकदम अंगावर येतात." म्हणजे भरतात वांग्याची चव लागायच्या आधीच मिरची लागावी, तसं. मला तेवढं कळलं.

त्यांचा जीव की प्राण म्हणजे एक इंग्लंडची जुनी रेकॉर्ड. तिच्यावर ह्यांच्याच हातून सुई घसरून ओरखडा पडलेला. दुसऱ्या गाण्यात 'ठकठक' व्हायचंच. इतकी वर्षं स्वयंपाक करता करता ऐकलेलं... ते ठकठक माझ्या घरचंच झालं होतं.

हे गेले. दिवसकार्य झाल्यावर त्यांचा मित्र विलास आला, इथेच जळगावात मेहरूणला राहतो तो. "वहिनी, रेकॉर्डींना बुरशी लागेल. धुऊन, पुसून आणून देतो." घेऊन गेला, आणूनही दिल्या. कव्हरं तीच, जुनी, कोपरे फाटलेली. मी कपाटात ठेवल्या.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाची घागर भरतात आणि पुरणपोळी-आमरसाची आगारी विस्तवावर टाकतात. ह्यांची ती पहिलीच घागर. मी मुलाला, किशोरला म्हटलं, "त्यांची ती रेकॉर्ड लाव. जेवायला आले तर गाणं ऐकत जेवतील."

लावली. सगळे एकदम अंगावर आले. दुसरं गाणं सुरू झालं आणि संपलं. ठकठक नाहीच.

किशोर म्हणाला, "आई, काकांनी काय स्वच्छ केलीय बघ!"

"येड्या, धुऊन ओरखडा जातो का?"

जुन्या कव्हरात नवी घालून दिली होती मेल्याने. आगारी विझायच्या आत मी मेहरूणला गेले. विलास दारातच हसला. "वहिनी, चुकून बदलली असेल. बघतो. आणि खरं सांगू? तुम्हाला काय फरक पडतो? पोळ्या लाटताना जुनी काय, नवी काय!"

मला राग आला की माहेरची बोली येते. म्हटलं, "मन्हा घरनं जे लई गया, ते तुले कधीच ऐकू येवाव नही!" शाप-बिप नव्हता. माझ्या घरातून नेलंस ते तुझ्या कानात पडणार नाही – माणूस संतापात बोलतो, तसं बोलले.

पुढे धुळ्याच्या नानांचा फोन आला. नाना म्हणजे ह्यांचे जुने दोस्त. "अक्का, विलासने रविवारी बोलावलंय. इंग्लंडची जुनी ऐकवणार म्हणतो. कुठून आली त्याच्याकडे?"

मी न बोलावता गेले आणि दाराशी खुर्ची घेऊन बसले. पाहुण्यांसमोर काय बोलणार तो? सगळे भिंतीकडे तोंड करून बसले. रेकॉर्डी बदलायला त्याची सून.

पहिली वाजली. विलास ऐटीत म्हणाला, "नवी. सगळं दाबून मोठं केलंय." माना हलल्या.

सुनेने दुसरी लावली. ढोल लांबून आला... जवळ आला. खोलीत कोणी हलेना. दुसरं गाणं आलं आणि – ठकठक. नानांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

इतका वेळ वाट बघून कंटाळलेला विलास भिंतीकडे बघतच म्हणाला, "लाव ना बेटा, कितीदा पुसशील?"

"पप्पा, लावलीय."

लोक हसले. एक जण म्हणाला, "विलासशेठ, मस्करी पुरे, ऐकू द्या." विलास वळला. रेकॉर्ड फिरत होती. त्याने स्पीकरवर हात ठेवला. "थरथरतंय तर..." म्हणाला आणि कानच स्पीकरला लावला.

मी म्हटलं, "काय विलासभाऊ, पडतो का फरक?"

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. कान ठणठणीत. कुकरची शिट्टी ऐकू येते, बायकोचं पुटपुटणं ऐकू येतं, दुकानातून आणलेली कोणतीही रेकॉर्ड ऐकू येते. फक्त आमच्या घरातून नेलेली एकही नाही – एक नव्हे, कितीतरी बदलल्या होत्या त्याने. तीच रेकॉर्ड शेजारच्याला ऐकू येते, ह्याला नाही.

शेवटी बायकोला घेऊन सगळ्या परत द्यायला आला. "वहिनी, शब्द मागे घ्या."

"शब्द काय पदराला बांधून ठेवलेत मी? सुटले ते सुटले."

आता रविवारची बैठक माझ्याकडे भरते. विलासही येतो, आज तरी ऐकू येईल म्हणून. मी त्याला चहा देते आणि बरोबर स्पीकरसमोर बसवते. सगळे माना डोलावतात. तो त्यांच्याकडे बघतो आणि जरा उशिराने आपली मान हलवतो. मला बघायला बरं वाटतं... का वाटू नये?

हे कसं झालं, मला माहीत नाही. डॉक्टरांना नाही, नानांना नाही. किशोर म्हणतो, "आई, आता तरी मनापासून माफ कर, बघू काही होतं का." होईलही, कोण जाणे. पण ते कळायचं तर मला त्याला माफ करावं लागेल, आणि ते मी करणार नाही.