फाटकावरचा फोटो

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरायचं काम बायांकडं होतं. एका लांब टेबलाला आम्ही समोरासमोर बसायचो. जिचा ढीग आधी सरायचा ती शेजारणीच्या ढिगाला हात लावायची. कुणी सांगितलेलं नव्हतं, तशी रीतच पडली होती. त्यामुळं कोण जास्त भरतं आणि कोण कमी, हे आम्हालाही ठाऊक नसायचं.

मग पुण्याहून नवे साहेब आले. त्यांनी आम्हाला जेवणाच्या खोलीत बसवून फळ्यावर जिना काढला. खाली पोट, मग डोक्यावर छप्पर, मग आपली माणसं आणि सगळ्यात वरच्या पायरीवर मान. माणूस नुसत्या पगारासाठी राबत नाही, त्याला चारचौघांत नावही हवं असतं, असं ते म्हणाले. माझ्या शेजारी छावणी भागात राहणाऱ्या आपा बसायच्या. त्या हळूच म्हणाल्या, "जिना तो अच्छा है, पर उतरायचं कसं ते नाय सांगितलं." मी पदराआड हसले.

त्या महिन्यापासून प्रत्येकीची पाकिटं वेगळी मोजू लागले. जिची जास्त, तिचा फोटो फाटकावर. दुसरीनं तिच्याहून जास्त भरली तरच फोटो बदलणार. पहिलं नाव माझं निघालं. नाव पुकारलं तरी मला घाम फुटतो. फोटो काढताना 'नको' एवढा शब्द ओठापर्यंत आला आणि तिथंच राहिला.

मी कामाला जाते हे गावाकडं सासऱ्यांना माहीत नव्हतं. सून घरी शिवण करते, असं नवऱ्यानं सांगून ठेवलं होतं. आता तो म्हणाला, "काढायला सांग तो फोटो. गावचे लोक त्याच रस्त्यानं येतात."

"तुम्हीच सांगा की साहेबांना."

"मी काय सांगू? माझा कारखाना हाय का?"

आपा म्हणाल्या, "हात सावकाश चालव बेटी, दुसरीचा लागंल." मी तसं केलं. पण दुसरीलाही फोटो नको होता. कुणाला दिराचा धाक, कुणाला नजर लागायची भीती. सगळ्यांचेच हात रेंगाळू लागले, शेजारणीच्या ढिगाला हात लावणं तर बंदच झालं. पुढं कुणी जाईना, म्हणून माझाच फोटो राहिला.

पाकिटं कमी पडू लागली तसं साहेबांनी पुन्हा सगळ्यांना बसवलं, पुरुष कामगारांनाही. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, तुम्हाला काय हवंय, मोकळेपणानं सांगा." मी उभी राहिले. वाक्य मी वाटेत घोकून आले होते. पण तोंडातून निघालं, "काय नाय साहेब, सगळं चांगलंय." ते खूश झाले. फोटो मोठा करून लावला.

दिवाळीच्या आधी सासरे आले ते सरळ फाटकाशीच. सुटी झाली तेव्हा फोटोसमोर उभे होते.

मी पदर पुढं ओढला. "मामा, कधी आलात?"

"चल," एवढंच म्हणाले.

आमच्या हर्सूलच्या खोलीवर पोचल्यावर ते नवऱ्याला म्हणाले, "कामाला गेली असती तर गेली असती, मी काय तिला खात होतो व्हय? पर बाईमाणसाचं तोंड फाटकावर? उद्यापासून नाय." नवरा खाली मान घालून चपलेचा पट्टा सोडत राहिला. मी चहा ठेवला.

राहिलेला पगार घ्यायला गेले तेव्हा साहेबांनी विचारलं, "आमचं काही चुकलं का?" मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी स्वतः फोटो खिळ्यावरून काढला, रुमालानं पुसला, कागदात बांधून मला दिला. म्हणाले, "हा तुमचा मान आहे. घरी लावा."

तो पिठाच्या डब्यामागं ठेवलाय, तोंड भिंतीकडं करून. टाकून द्यावा म्हणते, पण कुठं टाकायचा ते कळत नाही. कुठंही टाकला तरी कुणीतरी बघणारच.