दोनदारी आप्पा

आप्पाशी बोलायचं म्हणजे त्याच्या पायांशी बोलायचं. बाकीचा आप्पा गाडीखाली असायचा. भेगाळलेल्या टाचा, नख नसलेला डावा अंगठा आणि पोटरीपर्यंत सरकलेला पायजमा एवढंच बाहेर. घरी कुणी पाहुणा आला आणि त्याने आप्पाची चौकशी केली, तर माझी बायको खळ्याकडे बोट दाखवायची. "तिथं पाय दिसतील, त्यांना विचारा." त्या पायांवरून मनःस्थितीसुद्धा कळायची. अंगठा हलत असला तर काम जमत आलंय. दोन्ही पाय एकदम गप्प असले तर काहीतरी हातात तुटून आलंय, तेव्हा चहा घेऊन जायचं नाही.

आप्पा माझा थोरला भाऊ. आम्ही तापीकाठचे गुजर, केळी आणि कपाशी करणारे. गावात आप्पा भरपूर, म्हणून याला सगळे दोनदारी आप्पा म्हणायचे, कारण त्याच्या गाडीला दोनच दारं होती. गाडी परदेशी, बुटकी, लांब नाकाची, खास पळण्यासाठी बनवलेली. आमच्याकडे आली तेव्हा मात्र ती जागची हलत नव्हती. सुरतेच्या एका कापडवाल्याच्या बंगल्यामागे ताडपत्रीखाली कित्येक वर्षं पडून होती. केळी घेऊन गेलेला आप्पा रिकाम्या ट्रकात तिला घालून घेऊन आला. उतरवायला अर्धं गाव जमलं. "चार मानसंबी बठत नईत, काय करशी तिले?" कुणीतरी विचारलं. आप्पा म्हणाला, "माले एकलालेच जानं शे."

कुठे जायचं होतं ते मला ठाऊक होतं. जयाकडे. जया ही त्याची एकुलती एक लेक, सुरतेला दिलेली. वहिनी जयाच्या लग्नाआधीच गेली, तेव्हा आई आणि बाप दोन्ही आप्पाच. पण आमच्यात रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न तर सोडाच, पाणीसुद्धा प्यायचं नाही. जयाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. बाकीचे बाप यातून वाट काढतात. कुणी लेकीच्या हातावर रुपया ठेवून जेवतो, कुणी शेजारच्या घरून पाणी मागवतो. आप्पाला असली पळवाट म्हणजे देवाच्या डोळ्यांत धूळ वाटायची. एसटीने जावं तर मुक्काम पडतो, आणि मुक्काम म्हटला की ताट आलंच. म्हणून त्याने तोडगा काढला, पळणारी गाडी घ्यायची. "सकायले जासू, आंडेरले दखसू, सांजले मन्हा घर." आंडेर म्हणजे लेक.

आता बोला! लेकीला भेटायला रीत थोडी वाकवायची, तर हा माणूस शर्यतीची गाडी घेऊन आला. मी कपाळाला हात लावला. भाड्याची जीप कर म्हटलं, तर म्हणाला, "तो डायव्हर तठे जेवाले बठी, आनि मी काय त्यानं तोंड दखसू?" सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, अशी आमच्या घराण्याची ख्यातीच आहे.

शहाद्याच्या मेकॅनिकांनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि परत लावून टाकलं. या गाडीचं सामान मिळत नाही म्हणाले. मग आप्पा स्वतःच मेकॅनिक झाला. ट्रॅक्टर आणि डिझेल पंपावर हात बसलेला होताच. एक लांब पेचकस इंजिनावर टेकवायचा आणि त्याची मूठ कानाला लावून डोळे मिटून उभा राहायचा. मी घाई केली की म्हणायचा, "पहिले आवाज आयक. मंग पाना उचल." एकदा तो आवाज ऐकत इतका वेळ उभा राहिला की झोपला की काय, अशी मला शंका आली.

सामान नाही म्हणजे शेतातलं सामान, हा त्याचा हिशेब. सीटच्या फाटक्या गाद्यांत त्याने केळीच्या फण्यांमध्ये घालतात तो फोम भरला. रंग ट्रॅक्टरचा लाल, तोही ब्रशने मारलेला. मागच्या काचेच्या रबरासाठी अक्कलकुव्याच्या हायवेवरची भंगारची दुकानं पालथी घातली. आमच्या चाकोरीच्या रस्त्यावर गाडीचं पोट घासायचं, म्हणून लेथवरून गोल चकत्या कापून आणल्या आणि स्प्रिंगांखाली घालून तिला चांगली वीतभर उचलली. रेडिएटरचा पाइप फुटला तेव्हा मात्र त्याने ठिबकची नळी कापून लावली. ठिबकची नळी थंड पाण्याची! तापीवरच्या प्रकाशा गावच्या पुलावर ती गरम पाण्याने शेवईसारखी मऊ पडली, आणि आम्ही दोघं वाफेत उभे. मागून येणारे उसाचे ट्रॅक्टरवाले हसत गेले. आप्पाने नळीचा तुकडा हातात घेऊन नीट बघितला आणि म्हणाला, "कपाशीले बरी शे."

त्याचं सगळ्यात लाडकं काम वेगळंच होतं. ड्रायव्हरच्या सीटमागे त्याने सायकलच्या कॅरिअरची सळई वाकवून एक कडं जोडलं. त्यात पाण्याचा कॅन बसायचा, आणि खाली डब्यासाठी खोबण. गाडीला दिवे नव्हते तेव्हाही ते कडं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला इंजिनाआधी ते दाखवायचा. "घरनं पानी, घरनी भाकर. रीतले धक्का नई."

गाडी सुरू झाली तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण छे! आता त्याच्या डोक्यात नवा किडा शिरला. "तिना दारमा बंद पडनी तं?" लेकीच्या दारात गाडी बंद पडली तर मुक्काम, मुक्काम म्हणजे जेवण, म्हणजे इतकी वर्षं पाळलेलं सगळं पाण्यात. म्हणून मग जादा बॅटरी. मग दुसरा पंखा. मग डिझेल पंपाच्या पट्ट्याचे जोड, सीटखाली बांधून ठेवलेले. एका दसऱ्याला हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून पूजा केली आणि गाडी सुरूच होईना. शेवटी आम्ही तिघाचौघांनी ढकलून ते लिंबू फोडलं. मी हसलो. आप्पा हसला नाही. "दख, आसं तठे व्हयनं तं?" म्हणाला आणि पुन्हा गाडीखाली गेला. फक्त पाय उरले.

जयाचा रोज संध्याकाळी फोन यायचा. "आप्पा, बसनी या ना." हा गाडीखालूनच ओरडायचा, "थोडंसं काम बाकी शे, बेटा." मला राग यायचा. रीतीचा, गाडीचा, त्याचा. पोरगी तिकडे वाट बघतेय, हा इकडे वायसर घासतोय. मी एकदा तोंडावर म्हटलं, "आप्पा, हातपाय चालू शेत तवर जाई ये." तो नटबोल्टाच्या डब्यात काहीतरी शोधत राहिला.

शेवटी गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तो आंघोळ करून, पांढरी टोपी घालून खळ्यात उभा राहिला. म्हणाला, "आज." मला म्हणाला, "तू बी चाल, ढकलाले कोनीतरी लागी." माझ्या बायकोने भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी डब्यात दिली. कॅन भरला. नवापूर गेलं, सोनगढ गेलं, गाडी एकदासुद्धा कुरकुरली नाही. आप्पाचा कान वाटभर इंजिनाकडे. मला तर सुरतेत शिरेपर्यंत विश्वास बसला नाही.

जया इमारतीखाली उभी होती. गाडी पाहून आधी हसली, मग रडली. तिने पहाटे उठून भरीत आणि कळण्याच्या भाकरी केल्या होत्या. आप्पा गाडीतून उतरला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत गाडीत बसला. मी वर जाऊन जेवून आलो. रीत बापाला असते, चुलत्याला नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. खाली आलो तर जया माझ्या जागेवर बसलेली. आप्पाने स्वतःचा डबा उघडून तिला घास भरवला होता. बापाने लेकीला खाऊ घालायला कुठलीही रीत आडवी येत नाही. दोघांनी त्याच कॅनमधलं पाणी प्यायलं. दोन दारं लावून ते बराच वेळ बसले होते. काय बोलले, मला माहीत नाही.

ऊन कलायला लागलं तसा आप्पा चुळबुळला. जया खाली उतरली आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "आप्पा, आजना दिन ऱ्हाई जा ना."

"नातू येऊ दे," आप्पा म्हणाला. "मंग महिनाभर ऱ्हासू."

जयाने हात काढून घेतला. त्याने किल्ली फिरवली. एका झटक्यात गाडी सुरू झाली. इतका खूश झालेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. बारडोली येईपर्यंत तो मला सांगत होता, "दखं ना? तिना दारमा बी एकच झटका!"

थंडी संपायच्या आत आप्पा गेला. सकाळी खाटेवर बसून चहा पीत होता, कप खाली ठेवला आणि आडवा झाला. डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं. जया दुपारच्या बसने आली. मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. लाकडं आणली, तापीवर गेलो, लोकांना चहा पाजला, मांडव सोडवला. लोक म्हणाले, धाकटा खंबीर आहे. खंबीर कसला! नुसते हात चालत होते.

तेराव्यानंतर जया खळ्यात आली. गाडीवर धूळ बसली होती. डाव्या बाजूचं दार उघडून ती तिच्या जागेवर बसली. मागच्या कड्यातला रिकामा कॅन तिने हाताने हलवून पाहिला. मग वाकून किल्ली फिरवली. इतके दिवस उभी असलेली गाडी, पण एका झटक्यात सुरू झाली. जया तो आवाज ऐकत राहिली. नंतर तिने किल्ली बंद केली.

"काका," ती म्हणाली, "त्या दिन तरी बंद पडाले पाहिजे व्हती."

मी खाली वाकून उगाच चाकं बघितली. हवा बरोबर होती.