कात्री लावलेली मासिकं

मनोहर गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी छापखान्यात एका लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचत होतो. "भाऊजी, हे गेले जी..." एवढंच त्या बोलल्या. मी ते प्रूफ शेवटपर्यंत वाचलं. काय वाचलं, देव जाणे. त्याला महिना उलटून गेला. पवनीत डॉक्टर पुष्कळ आहेत, पण माझा हक्काने भांडायचा माणूस गेला.

आम्ही शाळेपासूनचे दोस्त. तो डॉक्टर झाला, मी वडिलांचा छापखाना धरला. दवाखान्यात येणारी वैद्यकीय मासिकं तो पोथीसारखी वाचायचा. अशाच एका मासिकात सांधेदुखीच्या नव्या गोळीवर दोन कॉलमांचा मजकूर होता, खाली बारीक टाइपात संदर्भ. गोळीने पोटाला अजिबात त्रास होत नाही, असं त्यात लिहिलेलं. सानगडीचा सुखराम जन्मभर तलावात उभा राहून मासे धरणारा, गुडघ्यांनी हैराण झालेला. मनोहरने त्याला ती गोळी लिहून दिली. काही दिवसांनी सुखराम रक्त ओकला आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही. मनोहर ते मासिक घेऊन माझ्याकडे आला. "तिथला डॉक्टर म्हणते, हा लेखच नाही. तू छापणारा माणूस, पाह्य बे." मी पान उजेडात धरलं. वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'जाहिरात' असं छापलेलं होतं. त्याने पान माझ्या हातातून घेतलं आणि तो कोपरा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "मी लेख समजून वाचून राहिलो होतो ना गड्या..."

तेव्हापासून नवं मासिक आलं की आधी कात्री. औषधाच्या जाहिराती कापायच्या, मगच वाचायचं. आता जाहिरातीच्या पाठीमागेही मजकूर असतोच, तोही जायचा. "अर्ध्या लेखावर पेशंट तपासतोस काय बे?" मी चिडवायचो. "उरला तेवढा तरी इमानाचा असन," तो म्हणायचा. खात्री त्यालाही नव्हती.

जिल्ह्यातल्या डॉक्टरांचं एक त्रैमासिक तो चालवायचा, औषधाची एकही जाहिरात न घेता, माझ्याकडे साध्या कागदावर छापून. पुढे मंडळींना रंगीत अंक हवासा वाटला. सभेत एक तरुण डॉक्टर म्हणाला, "सर, जाहिरात पाहून कोणी औषध लिहीत नाही." मनोहर उभा राहिला. "मी लिहिलं," म्हणाला आणि सुखरामची हकीकत सांगितली. सगळ्यांनी माना खाली घातल्या... आणि मग हात वर करून जाहिरातींचा ठराव मंजूर केला. छपाई नागपूरला गेली. मला त्याचा राग नाही. माना खाली घालणाऱ्यांचा मात्र आजही येतो.

परवा त्याच त्रैमासिकाचा अंक आला. मनोहरचा पानभर फोटो, खाली 'तत्त्वनिष्ठ सहकाऱ्यास आदरांजली'. वहिनींनी मला घरी बोलावलं आणि पान उलटून दाखवलं. मागे सांधेदुखीच्या गोळीची जाहिरात, तीही पानभर. त्यांनी त्याच्या टेबलावरची कात्री माझ्यापुढे केली. "तुम्हीच कापा जी भाऊजी. या घरात हे नको."

जाहिरात कापावी तर पाठचा मनोहर जातो. तो असता तर स्वतःच्या चेहऱ्यासकट कापून मोकळा झाला असता. माझ्याने होईना. मी कात्री जागेवर ठेवली आणि अंक फोटोची बाजू वर करून टेबलावर ठेवला. वहिनींनी पंखा लावला, तसं पान उलटलं.