मूळचे कुठले?
वेलची कुटली की मला बुदैया गावातल्या एका बागेतल्या खोलीतला सुट्टीचा शुक्रवार आठवतो. नव्वदीच्या दशकात बहारीनच्या नगरपालिकेत नोकरी करणारे आम्ही मराठी लोक तिथे पहिल्यांदा जमलो होतो. बढतीच्या वेळी आपलं नाव कोणी घेत नाही, निदान आपण तरी एकमेकांना ओळखूया, एवढाच हेतू. बाहेर खजुराची झाडं सळसळत होती आणि थर्मासमधल्या अरबी कॉफीतल्या वेलचीचा वास खोलीभर पसरला होता. सभा चालवणाऱ्या पुणेकर साहेबांनी आधीच बजावलं, “इंग्लिशमध्ये बोलायचं. नाव, हुद्दा, डिपार्टमेंट, खलास.” मी ताठ उभा राहून पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं. कोपऱ्यातले रत्नागिरीकडचे एक वयस्कर चाचा शांतपणे म्हणाले, “ते राहू दे रे. मूळचा कुठला तू?” “गुहागरचा,” मी मराठीतच म्हणालो. “गुहागर? अहो, माझी आत्या तिथलीच,” साहेब स्वतःचाच नियम विसरून मराठीत बोलून गेले. मग काय, प्रत्येकजण उठून आपलं गाव सांगू लागला. निघताना साहेबांनी मला बाजूला घेऊन बढतीच्या मुलाखतीत काय विचारतात ते नीट समजावलं. आता मी निवृत्त आहे. त्या खोलीतल्या कोणाचाच हुद्दा आठवत नाही. गावं मात्र सगळी आठवतात.