सगळ्यात जाड तार

देवाशी माझं भांडण होतं असं म्हणणं म्हणजे स्वतःला उगाच मोठं करणं. मी त्याच्याकडे फक्त जाणं बंद केलं होतं. भूकंपात किल्लारीतलं अक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं घर पडलं. ती आणि भावजी ढिगाऱ्यातून निघाले, त्यांचा सहा वर्षांचा बंडू निघाला नाही. आमचं घरही त्याच गल्लीत होतं. पण त्या रात्री मी लातूरला होतो, विसर्जनाच्या कार्यक्रमात बेस गिटार वाजवत. लोक म्हणाले, तुला गणपतीनं वाचवलं. बंडूही रोज त्याच गणपतीची आरती म्हणायचा, हे मी कुणाला ऐकवलं नाही.

त्याआधी मारुतीच्या देवळात भजनाला अक्काचा आवाज सगळ्यांच्या पुढे असायचा. पुनर्वसनाच्या नव्या गावात घर मिळाल्यावर ती देवापुढे दिवा लावत राहिली, पण गायली नाही. थंडीतसुद्धा अंगणात झोपायची. चार माणसं जमली की उठून जायची. मी दर महिन्याला भेटायला जात असे. आम्ही पाऊसपाण्यावर बोलत असू. त्या पहाटेबद्दल तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. याला मी समजूतदारपणा म्हणत होतो.

दरम्यान लातुरात क्लासेसचं पीक आलं आणि मी त्यातल्या एकात फिजिक्स शिकवायला लागलो. आमच्या संचालक सरांनी एका वर्षी ठरवलं की भूकंपाच्या स्मृतिदिनी नव्या गावच्या मैदानावर आपल्या क्लासतर्फे भजनाचा कार्यक्रम करायचा. बॅनरवर दिवा बोटभर होता, सर हातभर. मी नाहीच म्हणणार होतो. पण अक्काला सहज सांगितलं, तर ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली आणि म्हणाली, "तू वाजवणार असशील तर येते. कडेला बसंन." इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा कुठं येते म्हणाली होती. यात काही बिनसलं तर ती पुन्हा दाराबाहेर पडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी तयारीला लागलो. सर म्हणाले, "साऊंडचं फिक्स हाय हो, तुम्ही फक्त वाजवा." लातुरात फिक्स म्हणजे अजून कुणी फोनही केलेला नाही. मी गिटारला नव्या तारा चढवल्या. दोन जॅक, सोल्डरगन, जादा बॅटरी, एक्स्टेन्शन बोर्ड, चिकटपट्टी, सगळं पिशवीत भरलं. आणि सरांच्या मागे लागून लातुरातून बेसचे दोन मोठे डबे, म्हणजे स्पीकर, सांगायला लावले. उघड्या मैदानात बेसचा खर्ज हवेत विरून जातो. अक्का कडेला बसणार, तिथंपर्यंत छातीत घुमला पाहिजे. निघायच्या दिवशी क्लासजवळच्या मारुतीपुढे कितीतरी वर्षांनी उभा राहिलो आणि एवढंच मागितलं: डबे वेळेवर पोचू देत.

दुपारी चारला निरोप आला, औशाजवळ टेम्पोचा अ‍ॅक्सल तुटला. सर बॅनर सरळ करून घेण्यात गुंतले होते. मी स्टेजच्या पायरीवर बसलो. हातात जॅक होता आणि तो खुपसायला जागा नव्हती. मनात मारुतीला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात जुन्या स्कूटरवर एक म्हातारे चाचा थांबले. मागे एक उभा स्पीकर बांधलेला, पायांत अ‍ॅम्प्लिफायर. शेजारच्या गावातला शाळेचा कार्यक्रम आटपून ते औशाला परत निघाले होते.

"काय झालं, मास्तर? मयतीला बसल्यावानी बसलाव."

"बेसचे डबे आले नाहीत."

"बरं झालं."

मला राग आला. "त्यात बरं काय, चाचा?"

"हितं मोठे डबे लावत न्हाईत. लग्नात बी न्हाई. तुम्ही कुठले?"

"इथलाच."

त्यांनी मला नीट पाहिलं. "मंग त्या टायमाला नव्हताव."

मी जॅकची वायर गुंडाळायला लागलो.

"आधी आवाज आल्ता म्हणतेत, जमिनीखालून. मोठं जातं फिरल्यावानी. मंग घरं पडली. आम्ही औशाहून माती उपसायला आलो, तवा नुसता ट्रक सुरू झाला की बाया लेकरं घिऊन पळायच्या. अजून बी तो आवाज पोटात येतोय त्यांच्या." मग स्पीकरची दोरी सोडत म्हणाले, "माझा डबा बारका हाय. ह्यातून खालचा आवाज निघत न्हाई. चालंल?"

कमी कंपनसंख्येचा आवाज कानाआधी शरीराला जाणवतो, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. त्यावर गुण असतात. अक्का अंगणात का झोपते, याच्याशी ती आकृती मी कधी जोडली नव्हती. अख्ख्या घरात तो आवाज न ऐकलेला मी एकटाच होतो, आणि तोच तिच्या छातीत घुमवायला औशामार्गे मागवला होता.

मी गिटारची सगळ्यात जाड, सगळ्यात खालच्या आवाजाची तार उतरवली. नुसतं ठरवून भागलं नसतं, हात सवयीनं तिच्यावरच जातो.

संध्याकाळी लोक आले. अक्का रस्त्याच्या कडेला बसली. उकिडवी, पायात चपला तशाच. पाहिलं तर निम्मं गाव चपला घालून बसलं होतं, पळायच्या बेतानं. सरांचं भाषणही त्याच डब्यातून बारीक होऊन निघालं. चाचांचा हा वेगळा उपकार. मग भजन सुरू झालं. मी वरच्या पट्टीत, हळू, टाळांच्या मागे मागे वाजवत राहिलो. तिसऱ्या भजनाला कडेला नजर गेली. अक्का गात नव्हती. पण तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि मांडी घातली होती. पुढचं मला नीट दिसलं नाही.

घरी जाताना ती म्हणाली, "लई बारीक वाजिवलास."

"डबे आले नाहीत, अक्का."

"हाव." दहा पावलांनंतर म्हणाली, "फुडल्या टायमाला बी असंच वाजीव."

अशा हकिगतींत तो अनोळखी माणूस पुन्हा कधी सापडत नाही. हे चाचा सापडले. औशाच्या स्टँडमागे त्यांचं दुकान आहे. मी जाऊन सगळं सांगितलं, तर हसून म्हणाले, "अ‍ॅक्सल रस्त्यानं तुटला, मास्तर. बाकी वरच्याला ठाऊक."

मलाही ठाऊक नाही. बंडूचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही आणि अक्का अजून अंगणातच झोपते. पण मागितलेलं न मिळाल्याबद्दल मी त्या मारुतीपुढे रोज हात जोडतो. कार्यक्रमाला निघताना पिशवीत सगळं भरतो. तयारीत कसूर करत नाही. फक्त चेन लावताना म्हणतो, यातलं जे पोचू नये, ते वाटेतच अडव.