बाई का गडी?

नात परवा सांगत होती, आता म्हणे दवाखान्यात कॉम्प्युटरच ठरवणार, कोणाला तातडीनं मोठ्या दवाखान्यात पाठवायचं आणि कोणाला औषध देऊन घरी. "तो शिकतो कशावरून गं?" मी विचारलं. "जुन्या केसपेपरांवरून, आजी." जुने केसपेपर म्हणे! ते कसे लिहिले जात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

सत्तरच्या दशकात कारंज्याकडच्या आमच्या खेड्यात दवाखान्याच्या खिडकीवर कंपाउंडर बसायचा. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "बाई का गडी?" बाया खिडकीशी जात नसत. त्या पदर ओढून ओट्यावर बसायच्या आणि त्यांचं दुखणं घरचा गडी, म्हणजे नवरा नाहीतर बाप, सांगायचा. शेजारच्या काकांच्या छातीत कळ आली, डावा हात जड पडला, दरदरून घाम सुटला. त्यांना डॉक्टरांनी ताबडतोब जीपनं अकोल्याला पोचवलं, म्हणून ते वाचले. महिनाभरानं माझ्या आईला हुबेहूब तेच झालं. बाबांनी खिडकीवर तेच सांगितलं. केसपेपरावर उतरलं: बाई, वात, मनाला लावून घेते. आणि हातात गुलाबी औषधाची बाटली!

तिसऱ्या दिवशी सकाळी आई भिंतीला टेकून नुसती श्वास ओढत होती. बाबा शेतात गेलेले. मी तेरा वर्षांची. काय करू, कोणाच्या पाया पडू? धावत खिडकी गाठली.

"बाई का गडी?"

"गडी," मी म्हटलं. "बाबाच्या छातीत दुखून राह्यलं."

अहो, काय सांगू! डॉक्टर स्वतः जीपमध्ये बसून आमच्या दारात आले. आईला पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबले. "खोटं बोललीस? हिच्या केसपेपरावर तर वात लिहिलाय. जीप काय तुला खेळायला ठेवली आहे?"

मी त्यांचे पाय धरले. "न्या जी अकोल्याले, माय मरून राह्यली माही!"

तेवढ्यात आईनं पदर सारखा केला. "साहेब, पोरगी भेली. तिले बोलू नका. मले काई तेवढं नाई दुखत."

"बघ, तीच सांगते आहे," डॉक्टर म्हणाले. जीप रिकामीच परत गेली.

दुपारी बाबा आले तेव्हा आई गार पडली होती. उभ्या जन्मात ती डॉक्टरशी एकदाच बोलली, आणि तेही मला बोलणी बसू नयेत म्हणून.