शाळेतून थेट

माझ्या नवऱ्याची उंची पाच फूट पाच इंच. आयुष्यात तो खेळलेला सगळ्यात दमवणारा खेळ म्हणजे कॅरम. पण मुलगा दहावीत सहा फुटांच्या वर गेला, शाळेच्या बास्केटबॉल संघात आला, आणि तेव्हापासून बहरीनमधल्या आमच्या जुफैरच्या फ्लॅटमध्ये सकाळच्या चहाबरोबर अमेरिकन खेळाडूंची चरित्रं सुरू झाली.

"हा बघ. शाळा संपली आणि थेट प्रोफेशनल. कॉलेजचं तोंडसुद्धा पाहिलं नाही."

"तुझ्या चुलतभावानंही नाही पाहिलं," मी म्हणायचे. "तो घरी लोळत असतो. त्याचं लिही चरित्र."

नवरा हसायचा आणि पुढचा व्हिडिओ लावायचा. काल शाळेच्या बसमध्ये बसणारं पोर आज विमानातून सामन्याला जातंय, त्याच्या आईला घर घेऊन देतंय! मला त्या पोरांचा राग नव्हता. राग होता तो सोफ्यावर चकल्या खात त्यांची भक्ती करणाऱ्या बापांचा. मी सीफमध्ये एका कंपनीत एचआरला आहे. एका जागेला दोनशे अर्ज येतात. ज्याला नोकरी लागते तो जन्मभर मुलाखतीचे किस्से सांगतो, उरलेले एकशे नव्याण्णव कुठे गेले ते कुणी विचारत नाही. शाळेतून थेट गेलेल्यांतही असे कितीतरी असणार, बाकावर बसून बसून विशीतच घरी परतलेले. त्यांचे व्हिडिओ आमच्या टीव्हीवर कधी लागले नाहीत.

"आणि आता तर तिकडच्या लीगनंच नियम केलाय," मी एकदा मुद्दाम वाचून आले होते. "शाळेतून थेट घेत नाहीत. आधी वर्षभर थांबा म्हणतात."

"म्हणून तर युरोप," नवरा म्हणाला.

घ्या! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते आमच्या घरी शब्दशः होतं. युरोपातल्या कुठल्याशा क्लबची अकादमी बहरीनमध्ये मुलं निवडायला येणार होती. निवड झाली की तिकडेच राहायचं, तिकडेच खेळायचं, पुढे जमलं तर तिथूनच प्रोफेशनल. म्हणजे बारावी अर्धवट सोडायची. पोराचं इंजिनिअरिंग मी तो सातवीत असल्यापासून ठरवलं होतं. पुण्याला माझ्या बहिणीकडे त्याची खोलीसुद्धा ठरली होती.

"तुला काय करायचंय ते तू बोल," मी शेवटी मुलालाच विचारलं. तो नेहमी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देतो. त्या दिवशी मात्र मराठीत बोलला. "आई, मला हे पाहिजे. तू कधी माझी एक मॅच पण नाही बघितली. एकदा ये ना."

म्हणून मी गेले. खरं सांगायचं तर फजिती बघायला गेले. दहा मिनिटांत घरी पाठवतील, मग बापलेक दोघंही सरळ होतील, असा माझा हिशेब होता.

हॉल हिद्दकडे होता. शनिवारी सकाळी तिथे सगळ्या देशांतली उंच पोरं आणि सगळ्या देशांतले बुटके बाप जमले होते. बाकीच्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या होत्या. आमच्या साहेबांच्या हातात फाइल! जाडजूड, प्लास्टिकच्या पानांची. पहिलीपासूनच्या मार्कशीट, लसीकरणाचं कार्ड, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेचं प्रमाणपत्र, शाळेच्या शिक्क्यासकट चारित्र्याचा दाखला. जन्मल्यापासूनचा एकही कागद त्यानं टाकलेला नाही.

"ते त्याला बॉल टाकायला सांगणारेत की चित्र काढायला?" मी विचारलं.

"असू दे गं. कागद असलेला बरा."

कागदांचं मला सांगू नये. माझा दिवसच त्यात जातो. गावाकडून आलेले ड्रायव्हर, फिटर समोर बसतात, पासपोर्टवर एक जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी. "मॅडम, मास्तरांनी एक जून लावली होती," म्हणतात. मी सरळ अर्ज बाजूला ठेवते. स्वतःचा जन्म कधी झाला ते नीट सांगता येत नाही आणि निघाले परदेशात, असं मी कितीदा तरी डबा खाताना हसत सांगितलंय.

शिट्टी वाजली. आणि दहा मिनिटं झाली, वीस झाली, त्याला कुणी घरी पाठवलं नाही. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं कळलं की बॉल आपोआप त्याच्याकडे जात होता. घरात दाराच्या चौकटीला डोकं आपटणारं, कप फोडणारं, पाठीत वाकून चालणारं माझं पोर तिथे कशालाच धडकत नव्हतं. उडी मारली की थोडं वरच थांबल्यासारखं वाटायचं. मी "अगं बाई!" म्हणून कधी उभी राहिले ते मलाच कळलं नाही. नवऱ्यानं बघितलं, पण शहाणा, लगेच परत खेळाकडे वळला.

शेवटी चार मुलांना टेबलाशी बोलावलं. त्यात आमचा होता. परदेशी प्रशिक्षकानं त्याचे तळहात उलटेपालटे करून बघितले, खांद्यावर थाप मारली. टेबलावरच्या बाईनं पासपोर्ट मागितला. नवऱ्यानं फाइल उघडून तो पुढे केला. त्या क्षणी, कबूल करते, मी पुण्याची खोली रद्द करून टाकली होती.

बाईनं जन्मतारीख वाचली, यादी बघितली आणि मान हलवली. पोस्टरवर "सतरा वर्षांपर्यंत" होतं, मुलगा सतराचाच, म्हणून आम्ही निर्धास्त. पण त्यांची मोजणी जन्माच्या सालावर होती. एक जानेवारीपासून पुढे जन्मलेलीच मुलं चालणार होती. पासपोर्टवर होतं आदल्या वर्षीचं अठ्ठावीस डिसेंबर. चार दिवसांनी हुकलं. "सॉरी," ती म्हणाली, आणि प्रशिक्षकही खरंच हळहळला.

माझा मुलगा सहा जानेवारीला जन्मला.

पहिलं बाळंतपण, म्हणून मी माहेरी, संगमेश्वरला गेले होते. बाबा हेडमास्तर. नोंदणीच्या वेळी म्हणाले, "डिसेंबरातली लावूया. नाहीतर शाळेत एक वर्ष मागे पडेल पोर." ग्रामपंचायतीत त्यांची ओळख होती. नवरा फोनवर नको नको म्हणत होता. मी म्हणाले होते, "एक वर्ष फुकट घालवायचं? तुला कळतं का काही?" तेव्हा माझं बाळ आठ दिवसांचं होतं. मुलाला आम्ही हे कधी सांगितलं नाही. घरी वाढदिवस तिथीनं करतो, म्हणून तो जानेवारीत येतो, असं त्याला वाटतं.

टेबलापाशी नवऱ्यानं फाइल मिटली नाही. सावकाश एक एक पान मागे उलटत तो अगदी पहिल्या पानापाशी आला. त्या प्लास्टिकमध्ये पिवळा पडलेला एक कागद होता, सूतिकागृहाचं डिस्चार्ज कार्ड. त्यावर डॉक्टरीणबाईंच्या अक्षरात खरी तारीख. त्यानं कागदावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मुलगा घाम पुसत प्रशिक्षकाशी बोलत होता.

तो कागद दाखवला तर पासपोर्ट खोटा, शाळेची सगळी सर्टिफिकेटं खोटी, व्हिसा, इथलं ओळखपत्र म्हणजे सीपीआर कार्ड, सगळ्यावरची तारीख खोटी. मी समोर बसले असते तर मी काय केलं असतं, ते मला चांगलं माहीत होतं. अर्ज बाजूला.

"चला," मी म्हणाले.

नवऱ्यानं फाइल मिटली. "नियम म्हणजे नियम," मुलाला म्हणाला. "माझीच चूक. मी नीट चौकशी करायला हवी होती." इतके दिवस मी ज्या माणसाला येता-जाता टोमणे मारले, त्यानं माझी चूक अशी बिनबोभाट आपल्या डोक्यावर घेतली. त्या घटकेला मला त्याच्याकडे बघवेना.

आम्ही गाडीत बसून निघालो. मुहर्रकचा पूल ओलांडला तरी मुलगा खिडकीबाहेरच बघत होता. मग आमची तोंडं बघून त्यालाच आमची दया आली असावी. पुढे वाकून त्यानं मागून माझ्या गळ्यात हात टाकले.

"इट्स ओके, आई," तो म्हणाला आणि हसला. "माझीच चूक. एवढी काय घाई होती मला बाहेर यायची? चार दिवस थांबलो असतो तर झालं असतं ना?"

तो थांबला होता. चांगला नऊ दिवस थांबला होता.